लिंगभावाच्या पेपरात पैकीच्या पैकी, सराव पाठात मात्र "दोन दणकट मुलं या रे पुढे"

टाचणवही यांचा प्रश्न:

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय पण बरेच दिवस मनात साचलंय म्हणून.

मी शिक्षक घडवणाऱ्या कॉलेजात शिकवते. लिंगभाव समानतेचा पेपर चार वर्षांपासून माझ्याकडे आहे. मुलं-मुली पेपर उत्तम लिहितात. लिंग (शरीराने काय आहोत) आणि लिंगभाव (समाज बाईपण-पुरुषपण म्हणून काय शिकवतो) यातला फरक, साचेबद्ध भूमिका, छुपा अभ्यासक्रम (पुस्तकात नसलेलं पण वर्गातल्या वागण्यातून नकळत शिकवलं जाणारं), सगळं तोंडपाठ. १९७९ चा महिलांविरुद्धचा भेदभाव संपवण्याचा आंतरराष्ट्रीय करार, त्याचं दहावं कलम, त्यात पुस्तकं आणि शिकवण्याच्या पद्धतीसुद्धा बदला असं म्हटलंय, हेही लिहितात. आणि मग सराव पाठाला, म्हणजे शाळेतल्या खऱ्या वर्गाला शिकवायला, उभे राहतात आणि सगळं वाहून जातं.

मागच्या महिन्यातला प्रसंग सांगते. एक छात्राध्यापिका, या पेपरात वर्गात पहिली आलेली. विज्ञानाचा पाठ होता, विद्युत परिपथ. सुरुवातच झाली "दोन दणकट मुलं या रे पुढे, टेबल सरकवा" अशी. मग गट पाडले, प्रत्येक गटात वायर आणि बल्ब मुलांच्या हातात, निरीक्षणं लिहायला मुली, आणि वर "तुमचं अक्षर छान असतं ना, तुम्ही लिहा". एका मुलीने वायर हातात घेतली होती ती शेजारच्या मुलाने काढून घेतली, बाईंचं लक्षच नाही. बल्ब पेटला तेव्हा टाळ्या वाजल्या, त्या त्या मुलासाठी.

आणि मी काय केलं, माझ्याकडच्या मूल्यमापन तक्त्यात प्रस्तावना, प्रश्नकौशल्य, फलकलेखन, आवाज, समारोप असे रकाने आहेत, ते भरले आणि तिला चांगले मार्क दिले कारण त्या रकान्यांप्रमाणे पाठ खरंच चांगला होता. नंतर बाजूला घेऊन वायरचं बोलले तर तिचा चेहरा पडला. म्हणाली "मॅडम मी असं मुद्दाम कशाला करेन?" मुद्दाम केलं नाहीच तिने, मला माहितीये. पण मग शिकवायचं कसं हे? अजून एक लेक्चर देऊन हे सुटणार नाही असं वाटतंय. तुम्ही लोक सराव पाठात, छात्रसेवाकालात (शाळेत जाऊन सलग शिकवतात त्या काळात) हे कसं आणता, ते पण समोरच्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केल्यासारखं न वाटता?

---

फळाखडू:

टाचणवही मॅडम, तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं, कारण मी वीसेक वर्षं पाठ निरीक्षण केलं आणि त्यातली निम्मी वर्षं तुमच्यासारखेच रकाने भरण्यात गेली.

माझं मत स्पष्ट आहे, हा वेगळा पेपर ठेवून काम होत नाही, हे निरीक्षणाच्या कागदात यायला पाहिजे. आणि त्यासाठी नवीन काही शोधायला नको, आपल्याकडे फ्लँडर्सची आंतरक्रिया विश्लेषण पद्धत आहेच की, वर्गात शिक्षक किती बोलतो आणि विद्यार्थी किती ते मोजणारी, सगळ्यांनी केलीये. दर ३ सेकंदांनी त्या क्षणी काय चाललंय त्याचा आकडा टाकायचा, असे १० प्रकार, त्यातले ७ शिक्षकाच्या बोलण्याचे, २ विद्यार्थ्याच्या आणि शेवटचा शांतता किंवा गोंधळाचा. आता यात मोठी उणीव काय, तर विद्यार्थी बोलला एवढंच कळतं, कोण बोललं ते कळतच नाही. अख्ख्या तासाला एकच मुलगा उत्तरं देत असला तरी तक्ता म्हणणार, वा, विद्यार्थी सहभाग छान.

म्हणून मी काय सुरू केलं सांगतो. बैठक व्यवस्थेचा नकाशा काढायचा, एकेक चौकोन म्हणजे एकेक मूल. नोंदी घ्यायला एक दुसरा छात्राध्यापक बसवायचा. शिक्षकाने ज्याला प्रश्न विचारला त्याच्या चौकोनात रेघ. प्रश्न आठवणीचा असेल तर साधी रेघ, "का" आणि "कसं" वाला असेल तर रेघेवर टिंब. न विचारता ओरडून उत्तर दिलं आणि ते शिक्षकाने घेतलं तर गोल. बस्स एवढंच. पाठ संपला की तो कागद पाठ घेणाऱ्याच्या हातात द्यायचा आणि आपण गप्प बसायचं. खरंच गप्प. दोन मिनिटं ते कागदाकडे बघतात आणि स्वतःच बोलायला लागतात. आरोप कोणी केलाच नाही तर पिंजरा कुठून येणार.

अमेरिकेत मायरा आणि डेव्हिड सॅडकर यांनी ऐंशीच्या दशकात शंभरावर वर्गांमध्ये बसून हेच केलं होतं. त्यांना दिसलं की मुलांना जास्त वेळा बोलायला मिळतं, आणि नुसतं कौतुकच नाही तर रागावणं, चूक दाखवणं, "परत करून बघ" हे सगळंच मुलांच्या वाट्याला जास्त येतं. मुलींना काय, तर "हं, बरोबर, बस". मला हे वाचून तेव्हा धक्का बसला होता कारण मी स्वतःला फार समान वागणारा समजायचो. पण "बरोबर, बस" हे मी दिवसातून किती वेळा आणि कोणाला म्हणतो हे कधी मोजलंच नव्हतं. मुलगी चुकली की आपण तिला वाईट वाटू नये म्हणून पटकन पुढे जातो, मुलगा चुकला की त्याच्याशी वाद घालतो, आणि त्या वाद घालण्यातच तो शिकतो ना!

थांबण्याचा वेळ पण मोजा. अमेरिकेतल्या विज्ञान शिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांचं काम आठवत असेल, शिक्षक प्रश्न विचारून सरासरी १ सेकंदभरच थांबतात आणि ३ सेकंद थांबले की उत्तरं लांब होतात, वेगवेगळी मुलं बोलायला लागतात. त्यांनी असंही पाहिलं होतं की ज्याला आपण हुशार समजतो त्याच्यासाठी आपण जास्त थांबतो. आता गणित-विज्ञानाच्या तासाला तुमच्या छात्राध्यापकाच्या मनात हुशार म्हणजे कोण, हे त्याच्या थांबण्यावरून कळेल.

---

अपूर्णांक:

फळाखडू सरांशी सहमत, पण मला एक वेगळीच गोष्ट सांगायचीये जी मोजपट्टीत येत नाही.

मी गणित अध्यापन पद्धती शिकवते. दरवर्षी वर्गात हात वर करायला सांगते, गणिताची भीती कोणाला वाटते. प्राथमिकला शिकवायला जाणाऱ्या मुलींमध्ये अर्ध्याहून जास्त हात वर येतात. अगदी हसत हसत सांगतात, "मॅडम मला ना गणित कधी जमलंच नाही". आणि याच मुली उद्या सहा-सात वर्षांच्या लेकरांना पहिली बेरीज शिकवणार आहेत. जगभरात प्राथमिक शाळांत साधारण दोन तृतीयांश शिक्षक बायकाच आहेत, म्हणजे मुलाचं गणिताशी पहिलं नातं बहुतेक वेळा एका बाईंमार्फतच जुळतं.

२०१० मध्ये शियान बायलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला होता, अमेरिकेतल्या पहिली-दुसरीच्या १७ शिक्षिका आणि त्यांचे वर्ग. वर्षाच्या सुरुवातीला शिक्षिकेची गणिताची भीती आणि मुलांचं गणित याचा काही संबंध नव्हता. वर्ष संपता संपता मात्र, बाईंना भीती जितकी जास्त तितक्या वर्गातल्या मुली "गणित मुलांना येतं, वाचन मुलींना" असं जास्त मानायला लागलेल्या होत्या, आणि असं मानणाऱ्या मुलींचं गणितही मागे पडलेलं. मुलग्यांवर असा परिणाम दिसला नाही. म्हणजे बाईंनी एक शब्दही चुकीचा बोलायची गरज नाही, फळ्यासमोर उभं असतानाचं ते दचकणं, उदाहरण चुकलं की "जाऊ दे, दुसरं घेऊ" म्हणणं, एवढं पुरतं, मुली बाईंकडे बघून शिकतात.

मला हे फार लागलं, कारण मीही अशाच एका वर्गातून आले. आमच्या बाई फार प्रेमळ होत्या, भागाकार आला की म्हणायच्या "मुलींनो नाही आलं तरी काळजी करू नका". प्रेमाने म्हणायच्या. मला पुढे दहा वर्षं भागाकार आला की पोटात गोळा यायचा आणि मला वाटायचं हे माझ्या मुलगी असण्यातच आहे.

त्यामुळे मी आता पद्धती शिकवायच्या आधी सहा आठवडे फक्त गणित करून घेते. अपूर्णांकाचा भागाकार करताना उलटा करून गुणायचं, हे सगळ्यांना पाठ असतं, का करायचं ते कोणालाच माहीत नसतं. ते कागदाच्या पट्ट्या कापून, भांडून, चुकून शोधून काढायचं. त्या सहा आठवड्यात "मला जमत नाही" हे वाक्य वर्गात बोलायचं नाही, "मला अजून इथपर्यंत कळलंय" असं बोलायचं. समानतेचं नावही घेत नाही मी तेव्हा. पण मला विचाराल तर भावी शिक्षिकेला गणित नीट येणं हे समानतेचं सगळ्यात मोठं प्रशिक्षण आहे, आणि याबाबत मी कोणाचंही ऐकणार नाही 🙂

---

नवा_छात्र:

मी सध्या दुसऱ्या वर्षाला आहे म्हणजे तुम्ही ज्यांच्याबद्दल बोलताय त्यातलाच एक. दोन गोष्टी मनापासून विचारायच्यात, राग नसावा.

एक म्हणजे आमच्या वर्गात आम्ही पुरुष अगदी मोजके. या पेपरच्या तासाला असं वाटतं की सगळं आमच्याकडे बघून बोललं जातंय. मग आम्ही गप्प बसतो आणि परीक्षेत जे हवं ते लिहून देतो. खरं सांगतोय.

दुसरं, सराव शाळेत मला तरी दिसलं की मागे पडणारी मुलं मुलगेच जास्त आहेत. वाचनात तर नक्कीच. शिक्षा कोणाला होते, तर मुलांना. उठाबशा, वर्गाबाहेर उभं राहणं, सगळं मुलांना. मग मुलींना जास्त प्रश्न विचारा एवढंच केलं तर ही मुलं अजून मागे जाणार नाहीत का? रेघांचा तक्ता समान आला की समानता आली असं मानायचं का?

---

टाचणवही:

नवा_छात्र, राग कसला, उलट तुमचं लिहिणं मी दोनदा वाचलं. "परीक्षेत हवं ते लिहून देतो" हे वाक्य मला चार वर्षांत कोणी तोंडावर सांगितलं नव्हतं.

वाचनाबद्दल तुम्ही म्हणताय ते अगदी बरोबर आहे. पिसा या पंधरा वर्षांच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत २०१८ साली विकसित देशांच्या गटात मुली वाचनात सरासरी ३० गुणांनी पुढे होत्या, पंधरा वर्षांच्या वयात हे फार मोठं अंतर आहे. आणि हे सुद्धा लिंगभावच आहे ना. "वाचत बसणं म्हणजे मुलींचं काम, मुलगा कसा दांडगा पाहिजे" हे त्याला कोणीतरी शिकवलंय. रडला तर "मुलीसारखा काय रडतोस" म्हणणारा शिक्षक एकाच वाक्यात दोघांनाही मारतो. ही चूक माझीच की मी हा पेपर मुलींच्या तक्रारींची यादी असल्यासारखा शिकवत आले. पुढच्या वर्षी पहिला तास शिक्षेवर घेणार, वर्गात कोणाला कशाबद्दल आणि कशी शिक्षा होते, तिथूनच सुरुवात.

तक्त्याबद्दल, नाही, रेघा समान आल्या म्हणजे झालं असं नाही. फळाखडू सर यावर बोलतील.

---

फळाखडू:

बोलतो. नवा_छात्र, तुझा प्रश्न फार चांगला आहे. तक्ता हा फक्त आरसा आहे. समान रेघांच्या मागे लागलास तर हजेरीपटाप्रमाणे एक मुलगा एक मुलगी विचारत सुटशील, त्याने काही होत नाही. आपण बघायचं काय, तर मागच्या बाकावरचा तो गप्प मुलगा आणि खिडकीजवळची ती गप्प मुलगी, या दोघांच्याही चौकोनात महिनाभर एकही रेघ नाहीये. आणि बहुतेक वेळा असं दिसतं की वर्ग चालवणारे चारच जण असतात, त्यातले तीन मुलगे असले तरी बाकीचे वीस मुलगे उपाशीच असतात. मुलग्यांच्या नावावर जी जागा जाते ती सगळ्या मुलग्यांना मिळत नाही.

आणि शिक्षेचा रकाना मी नंतर घातला होता, चौकोनात फुली. तुझं निरीक्षण माझ्या कागदांशी जुळतं.

---

वेलांटी:

उशिरा येतेय चर्चेत. मी भाषा पद्धती बघते आणि लहान वर्गांच्या छात्राध्यापिकांसोबत असते, म्हणून दोनच मुद्दे.

आपली मराठी क्रियापदापासूनच सांगते कोण तो आणि कोण ती, इंग्रजीसारखं लपवता येत नाही. "डॉक्टर आला, नर्स आली, शास्त्रज्ञाने शोध लावला तो म्हणाला." टाचणात (शिक्षक पाठाआधी लिहितो त्या आराखड्यात) बघा, दहातल्या नऊ टाचणांत "विद्यार्थी ऐकतो, विद्यार्थी उत्तर देतो", वर्गात निम्म्याहून जास्त मुली असल्या तरी. मी विद्यार्थिनींना स्वतःच्या जुन्या स्वाध्याय पत्रिका आणायला लावते आणि लाल पेनाने प्रत्येक क्रियापदाखाली रेघ मारायला सांगते, मग बाजूला लिहायचं की हे काम कोण करतंय आणि ते घरातलं की बाहेरचं. एका पत्रिकेत आई सात वेळा आली होती, सातही वेळा काहीतरी धूत, पुसत नाहीतर वाढत होती. लिहिणारीची स्वतःची आई मुख्याध्यापिका होती! तिने ते स्वतः पाहिलं आणि बराच वेळ काही बोलली नाही.

पण मराठीत एक फार सुंदर सोय पण आहे. "मुलं" हा शब्द नपुंसकलिंगी आहे, "मुलं खेळतात" म्हटलं की त्यात सगळी आली. मुलगे वेगळे, मुली वेगळ्या, मुलं म्हणजे दोन्ही. आपण मात्र "मुलं आणि मुली" म्हणून ती सोय घालवून टाकली आणि मुलं म्हणजे फक्त मुलगे करून टाकले (वर प्रश्नाच्या शीर्षकातही तेच झालंय बघा, मुद्दाम दाखवत नाहीये, माझ्या तोंडीही तेच असतं). मी आता छात्राध्यापिकांना सांगते, सूचना देताना "मुलांनो" हाक सगळ्यांना, आणि जिथे खरंच वेगळं सांगायची गरज आहे तिथेच मुलगे-मुली म्हणा.

गरज खरंच किती कमी असते ते करून बघा. मुलींची रांग, मुलग्यांची रांग, मुली विरुद्ध मुलगे स्पर्धा, हे आपण सोयीसाठी करतो. लेसी हिलियर्ड आणि लिन लिबेन यांनी २०१० मध्ये ३ ते ५ वर्षांच्या मुलांच्या वर्गांत एक प्रयोग केला होता. काही वर्गांत शिक्षिकांनी दोन आठवडे सारखा मुलगे-मुली असा उल्लेख करायचा, तशाच रांगा लावायच्या, बाकीच्या वर्गांत नेहमीसारखं, तसं काही न करता. कोण चांगलं कोण वाईट असलं काही बोलायचं नाही, नुसतं वेगळं करायचं. दोनच आठवड्यांत त्या पहिल्या वर्गांतल्या मुलांच्या साचेबंद समजुती वाढल्या आणि मुलगे-मुली एकमेकांशी खेळायचे कमी झाले. दोन आठवडे! आपण तर बारा-बारा वर्षं रांगा लावतो. म्हणून माझ्या विद्यार्थिनींना रांग लावायचे किमान दहा दुसरे मार्ग शोधून आणायला लावते, जन्ममहिना, नावातलं शेवटचं अक्षर, आज पिण्याचं पाणी आणलंय ते, काहीही. हे लहान वाटतं पण पहिल्याच दिवशी वर्गात वापरता येतं, आणि नव्या शिक्षिकेला पहिल्या दिवशी वापरता येईल असंच काहीतरी हवं असतं.

एक अडचण मात्र सांगते. छात्रसेवाकालाला गेल्यावर तिथल्या मार्गदर्शक शिक्षिका म्हणतात "हे कॉलेजातलं कॉलेजात ठेव, इथे मुलींची रांग वेगळी". आणि मूल्यमापन त्यांच्या हातात. सहा महिने आम्ही जे केलं ते तिथे एका आठवड्यात पुसलं जातं. यावर माझ्याकडे अजून पूर्ण उत्तर नाही. आम्ही मार्गदर्शक शिक्षिकांना वर्षातून एकदा बोलवतो आणि तोच रेघांचा नकाशा त्यांच्याकडूनच भरून घेतो, छात्राध्यापिकेच्या पाठाचा. भरता भरता काही जणी स्वतःच स्वतःच्या वर्गाबद्दल बोलायला लागल्या. काही जणी नाही लागल्या.

---

टाचणवही:

सगळ्यांचे मनापासून आभार. शीर्षकातलं दाखवलंत ते बरं केलंत वेलांटीताई, ठेवतेय तसंच, वर्गात दाखवायला उपयोगी पडेल.

तीन आठवड्यांनी परत लिहितेय. सराव पाठांना तक्ता लावायच्या आधी म्हटलं आपलाच तास मोजून घेऊ, मगच दुसऱ्याला सांगू. दोन विद्यार्थिनींना कागद दिला आणि नेहमीसारखं शिकवलं. वर्गात ३८ मुली, ९ मुलगे. तासाभरात मी २६ प्रश्न नाव घेऊन विचारले, त्यातले ११ मुलग्यांना. "का" वाले ७ होते, त्यातले ५ मुलग्यांना. विषय लिंगभाव समानता!

तो कागद मी फळ्यावर लावला. वर्ग एकदम शांत झाला. मग ती परिपथवाली विद्यार्थिनी उठली आणि म्हणाली "मॅडम, तुम्ही पण मुद्दाम नाही केलं ना?" मी म्हटलं नाही. ती म्हणाली मग माझा पाठ परत घेऊ का. परवा घेतला तिने. गटात कामं चिठ्ठ्या टाकून वाटली आणि दर दहा मिनिटांनी बदलली. वायर सोलताना एका मुलीचं बोट जरासं खरचटलं, तर मागून कोणीतरी म्हणालं "बघा, म्हणून मुलांना द्यायचं", आणि तिने अगदी शांतपणे त्या मुलीला पट्टी लावून वायर परत तिच्याच हातात दिली. मूल्यमापन तक्त्यात नवीन रकाना अजून मंजूर झालेला नाहीये, मी पेनाने आखून घेतला.

नवा_छात्र, आमच्या वर्गातल्या ९ जणांपैकी एकाने शिक्षेच्या नोंदी ठेवायचं काम स्वतःहून मागून घेतलंय, तुमचं लिहिणं वाचून दाखवलं होतं मी.

आता फक्त एक छोटी अडचण आहे. नोंदी घेणारा मागे बसला की मुलं सारखी वळून बघतात. तुम्ही कुठे बसवता त्याला?

---

फळाखडू:

मागे नाहीच बसवायचं, सुरुवातीला मीही बसवायचो, तीच चूक. पुढे, दाराच्या बाजूला, पहिल्या बाकाच्या रेषेत. दोन दिवसांत मुलं विसरतात तो आहे ते. आणि मागून फक्त पाठी दिसतात हो, कोणी अर्धा हात वर केला आणि परत खाली घेतला ते पुढूनच दिसतं. त्या अर्ध्या हातासाठी पण एक खूण ठेवा, आमच्याकडे ती जास्त करून मुलींच्या चौकोनात यायची.